गृहकर्जातील मूल्यांकन : एक आकडा, तीन प्रश्न

गृहकर्जाचा अर्ज बँकेत दाखल झाला की त्याची तपासणी दोन वाटांनी सुरू होते. एकीकडे वकील मालमत्तेच्या साधारण तीस वर्षांच्या नोंदी चाळून मालकी निर्वेध आहे का ते सांगतो. दुसरीकडे बँकेच्या पॅनेलवरचा मूल्यांकनकार जागा पाहून तिची किंमत सांगतो. बँकेच्या रोजच्या बोलीत पहिल्याला ‘लीगल’ आणि दुसऱ्याला ‘टेक्निकल’ म्हणतात. लीगलमध्ये काही अडले तर ग्राहकाला कारण कळते, कारण राहिलेला कागद त्यालाच आणायचा असतो. टेक्निकल अहवाल मात्र बऱ्याचदा त्याच्या हाती येतच नाही. ‘व्हॅल्युएशन कमी आले’ एवढेच त्याला कळते आणि मंजूर होणारी रक्कम काही लाखांनी खाली येते. हे मूल्यांकन कसे होते, त्यावर किती विसंबावे आणि ते सुधारायचे कसे, यावर बँका, मूल्यांकनकार, नियामक आणि कर्जदार यांची मते वेगवेगळी आहेत. या मतभेदांचे मूळ मला एका ठिकाणी दिसते. अहवालातल्या एकाच आकड्याने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत, अशी अपेक्षा असते : हे घर आज बाजारात कितीला जाईल, या व्यवहारात ठरलेली किंमत रास्त आहे का, आणि कर्ज थकले तर घर विकून बँकेचे पैसे वसूल होतील का. तिन्ही उत्तरे जवळपास सारखी आली तर कोणाची तक्रार नसते. वाद होतो तो ती एकमेकांपासून लांब गेली की.

नियमांची पूर्वपीठिका

मूल्यांकनकार या व्यवसायाला आपल्याकडे कायद्याची चौकट मिळाली ती कर्जामुळे नव्हे, करामुळे. १९५७च्या संपत्ती कर कायद्यातील कलम ३४ एबीखाली मूल्यांकनकारांची नोंदणी होऊ लागली. करदात्याने दाखवलेली घरजमिनीची किंमत पडताळणे हा तिचा हेतू होता. हा कर २०१५च्या अर्थसंकल्पाने रद्द केला. कर गेला, पण त्याने जन्माला घातलेली नोंदणी मागे राहिली. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी २००२ साली सरफेसी कायदा आला तेव्हा त्याच्या नियमांनी मान्यताप्राप्त मूल्यांकनकार ठरवताना याच नोंदणीचा आधार घेतला होता. जानेवारी २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की मूल्यांकनाचे धोरण संचालक मंडळाने मंजूर केलेले असावे, मूल्यांकनकार स्वतंत्र असावा, आणि ५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या मालमत्तेसाठी किमान दोन अहवाल घ्यावेत. एवढ्या किमतीचे घर सामान्य गृहकर्जदार घेत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला एकाच अहवालाची हमी आली. २०११ मध्ये नॅशनल हाऊसिंग बँक आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांनी मिळून मूल्यांकनाची धोरणे, मानके आणि कार्यपद्धती सांगणारी पुस्तिका काढली. बँकांचे आजचे अहवालाचे नमुने बरेचसे तिच्याच वळणाचे आहेत.

दुसरा प्रवाह कंपनी कायद्याकडून आला. २०१३च्या कायद्यातील कलम २४७ आणि त्याखालचे २०१७चे नियम यांनी ‘नोंदणीकृत मूल्यांकनकार’ हा नवा वर्ग तयार केला. त्यासाठी परीक्षा आली, व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व आले आणि दिवाळखोरी मंडळाची देखरेख आली. जमीन व इमारत हा त्यातला एक स्वतंत्र गट आहे. मात्र ही सक्ती कंपनी कायदा आणि दिवाळखोरी संहिता यांखालच्या कामांपुरती आहे. सर्व प्रकारच्या मूल्यांकनांसाठी एकच कायदा असावा म्हणून केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये मूल्यांकनकार विधेयकाचा मसुदा सादर केला, पण त्याचा कायदा झालेला नाही. परिणामी गृहकर्जाच्या क्षेत्रात जुन्या करकायद्याची नोंदणी, नवी परीक्षा आणि प्रत्येक बँकेचे आपले पॅनेल अशा तीन व्यवस्था एकाच वेळी चालू आहेत.

आकड्याला वजन कुठून येते

२०१० पर्यंत मूल्याच्या किती टक्के कर्ज द्यायचे हे बरेचसे बँकेवर सोपवलेले होते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातली आणि २०१३ व २०१५ मध्ये तिच्या पायऱ्या बदलल्या. आता ३० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी घराच्या मूल्याच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के अशी मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी असे खर्च या मूल्यात धरायचे नाहीत, असे २०१२ मध्ये ठरले. पुढे १० लाखांपर्यंतच्या घरांना यातून सवलत मिळाली. म्हणजे टक्केवारी नियमाने बांधलेली आहे आणि ती ज्या मूल्यावर लावायची ते मूल्यांकनकार सांगतो. करारातली किंमत आणि मूल्यांकन यांपैकी जी रक्कम कमी असेल ती धरण्याची बँकांची रीत आहे.

मुंबईतला ८० लाखांचा फ्लॅट घेऊन हिशेब मांडू. ८० टक्क्यांनी ६४ लाखांचे कर्ज मिळेल आणि घरचे १६ लाख घालावे लागतील, असा खरेदीदाराचा अंदाज असतो. मूल्यांकन ७२ लाख आले की कर्ज ५७ लाख ६० हजारांवर येते आणि स्वतःची रक्कम २२ लाख ४० हजार होते. ६ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख ८० हजार आणि नोंदणीचे ३० हजार वेगळे. एकूण साडेसत्तावीस लाख हातात असावे लागतात. विक्रेत्याला बयाणा दिल्यावर हा अहवाल आला तर खरेदीदाराची कोंडी होते. त्यामुळे मूल्यांकन करारातल्या किमतीशी जुळावे अशी इच्छा खरेदीदाराची असते, विक्रेत्याची असते, दलालाची असते आणि महिन्याचे उद्दिष्ट गाठायचे असलेल्या कर्जविभागाचीही असते. ते थोडे कमीच यावे असे वाटणारा एकच जण या साखळीत आहे, तो म्हणजे बँकेचा जोखीम विभाग. आणि मूल्यांकनकाराशी त्याचा रोजचा संबंध सगळ्यांत कमी असतो.

जागेवर काय होते

मूल्यांकनकाराकडे कराराची प्रत किंवा मसुदा, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, सातबारा किंवा मिळकत पत्रिका अशी कागदपत्रे येतात. तो चतुःसीमा जुळवतो, खोल्यांची मापे घेतो, बंद केलेली बाल्कनी किंवा पाडलेली भिंत नकाशाशी ताडून पाहतो, इमारतीचे वय आणि उरलेले आयुष्य अंदाजतो. क्षेत्रफळाचा घोळ पूर्वी मोठा होता. बिल्टअप, सुपर बिल्टअप आणि त्यावरचे ‘लोडिंग’ यांत एकाच घराची तीन मापे निघत. २०१६च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या पक्की केल्यामुळे निदान नव्या प्रकल्पांत तरी हा प्रश्न बराच सुटला. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत त्याच्याकडे आणखी एक काम असते. काम किती टक्के झाले ते तो सांगतो आणि त्यानुसार कर्जाचा हप्ता बिल्डरला जातो. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ते बांधकामाच्या टप्प्यांशी बांधले आणि २०१९ मध्ये नॅशनल हाऊसिंग बँकेने गृहवित्त कंपन्यांना बिल्डरने व्याज भरण्याच्या सबव्हेन्शन योजनांपासून दूर राहायला सांगितले, ते टप्प्यांआधीच पैसे सुटत असल्यामुळे. दिल्लीच्या आसपासच्या अशा प्रकल्पांत बिल्डर आणि बँका यांचे साटेलोटे होते का, याचा तपास सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सीबीआयकडे दिला.

तयार फ्लॅटची किंमत काढण्याची प्रचलित रीत तुलनेची. शेजारचे तशाच प्रकारचे व्यवहार पाहायचे, मजला, वय, वाहनतळ यांसाठी दर वरखाली करायचा आणि क्षेत्रफळाने गुणायचे. स्वतंत्र बंगल्यासाठी जमिनीची किंमत आणि घसारा वजा केलेले बांधकाम यांची बेरीज करतात. शेवटी अहवालात बहुधा तीन रकमा येतात : बाजारमूल्य, सहज वसूल होईल असे मूल्य आणि अडचणीच्या विक्रीतले म्हणजे डिस्ट्रेस मूल्य. वर म्हटलेल्या तीन प्रश्नांपैकी दोहोंसाठी इथे वेगळे रकाने आहेत खरे. पण दुसरी आणि तिसरी रक्कम अनेक अहवालांत पहिलीतून ठरावीक टक्के वजा करूनच येते. रकाने तीन असले तरी विचार एकदाच झालेला असतो.

मूल्यांकन की शिक्कामोर्तब

मूल्यांकनावरचा सर्वांत जुना आक्षेप असा की मूल्यांकनकाराला व्यवहाराची किंमत आधीच ठाऊक असते आणि तो तिथवर पोहोचणारी वाट शोधतो. हा आक्षेप केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या अभ्यासांत बहुसंख्य मूल्यांकने करारातल्या किमतीइतकी किंवा तिच्या किंचित वर आढळली आहेत. खाली येणाऱ्यांचे प्रमाण फार थोडे. निव्वळ योगायोगाने आकडे इतके एका बाजूला झुकत नाहीत. मूल्यांकनकारांचे यावरचे उत्तर मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. राजीखुशीने व्यवहार करणाऱ्या, माहिती असलेल्या दोन पक्षांत ठरणारी रक्कम म्हणजेच बाजारमूल्य. मग प्रत्यक्ष ठरलेली किंमत हा त्याचा सर्वांत ताजा पुरावा नव्हे का? तो पुरावा आहेच, पण एकाच व्यवहाराचा. ओळखीच्या बिल्डरकडून घेताना फर्निचर आणि सवलती किमतीत मिसळून करार फुगवता येतो, म्हणजे कर्ज जास्त मिळते. उलट पुनर्विक्रीत काही रक्कम रोखीने देऊन करार दाबता येतो. दोन्ही प्रकारांत करारातली किंमत खऱ्या किमतीची साक्ष देत नाही.

मग ही किंमत मूल्यांकनकारापासून लपवावी का? तर्काने हा उपाय सोपा दिसतो. पण किंमत लपवली की त्याच्याजवळ दुसरे काय उरते, हे पाहावे लागेल. दलालांनी फोनवर सांगितलेले दर, संकेतस्थळांवरच्या जाहिरातींतले दर आणि सरकारी वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर. जाहिरातीतली किंमत विक्रेत्याची अपेक्षा सांगते. रेडी रेकनर मुद्रांक शुल्काची किमान बाजू सांभाळण्यासाठी आहे. तो एका विभागासाठी एक दर देतो. त्या विभागातली इमारत नाल्याकाठची की उद्यानासमोरची, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय तो बाजाराच्या मागून चालतो : २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये दर तसेच ठेवले आणि १ एप्रिल २०२५ पासून वाढवले, पण मधल्या काळात बाजार काही थांबला नव्हता. प्राप्तिकर कायदा मुद्रांकाचे मूल्य आणि करारातली रक्कम यांत दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतो. फरक त्याहून जास्त असेल तर तो खरेदीदाराच्या उत्पन्नात धरला जाऊ शकतो. म्हणून करारातल्या किमतीही रेडी रेकनरच्या आसपास घुटमळतात, आणि बाजार मोजायला केलेली फूटपट्टीच बाजाराला वळण लावू लागते.

निर्देशांकांचेही तसेच आहे. नॅशनल हाऊसिंग बँकेचा ‘रेसिडेक्स’ २००७ पासून निघतो. त्यातला एक निर्देशांक कर्ज देणाऱ्या संस्थांनी केलेल्या मूल्यांकनांवरच उभा आहे. मूल्यांकने करारातल्या किमतींना चिकटून असतील तर निर्देशांक त्याच किमती पुन्हा ऐकवतो. रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक नोंदणी कार्यालयांतल्या व्यवहारांवर आधारलेला आहे, पण तो शहराची सरासरी सांगतो, गल्लीची नाही.

म्हणून मूल्यांकनकार कोणी नेमावा यापेक्षा त्याच्यासमोर तुलनेला काय आहे, हा प्रश्न मला आधीचा वाटतो. महाराष्ट्रात त्यासाठीचा कच्चा माल पुष्कळ आहे. नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक २ मध्ये प्रत्येक दस्ताचा मोबदला आणि बाजारभाव असे दोन्ही रकाने असतात आणि ती ऑनलाइन पाहता येते. अडचण अशी की मालमत्तेचे वर्णन मोकळ्या मजकुरात लिहिलेले असते. मजला, चटई क्षेत्र, वाहनतळ, इमारतीचे वय यांचे वेगळे रकाने नसल्याने शंभर दस्त चाळून दहा तुलनायोग्य व्यवहार काढणे एका भेटीच्या फीमध्ये परवडत नाही. यावर कोणी म्हणेल, नोंदणीतल्या किमतीच खऱ्या नसतात, त्या रकान्यांत रचून काय मिळणार? रोख दिलेली रक्कम दस्तात येत नाही, हे खरेच. पण त्यामुळे नोंदणीतल्या किमती खालच्या बाजूला झुकतात, आणि वसुलीची काळजी असलेल्या बँकेला ही चूक उलट्या चुकीपेक्षा कमी महाग पडते. फुगवलेला करार तर शेजारच्या वीस दस्तांत ठेवल्याबरोबर उठून दिसतो. एकटा पाहिला तर तो कधीच सापडत नाही.

स्वातंत्र्याचे प्रयोग

नेमणुकीचा प्रश्न म्हणून संपत नाही. मूल्यांकनकाराला काम बँक देते, फी बहुधा कर्जदाराच्या खिशातून जाते आणि पुढचे काम मिळायचे की नाही हे शाखेच्या मर्जीवर असते. यावर अमेरिकेने केलेला प्रयोग बोलका आहे. २००९ पासून फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जे विकत घेणाऱ्या संस्थांकडे जाणाऱ्या कर्जांसाठी कर्ज विकणाऱ्या अधिकाऱ्याने मूल्यांकनकार निवडायचा नाही, असे ठरले. २०१०च्या डॉड-फ्रँक कायद्याने हा विचार पुढे नेला. त्यातून मध्यस्थ कंपन्यांचे पेव फुटले. मूल्यांकनकारांची तक्रार अशी की फीतला मोठा वाटा या कंपन्या ठेवतात आणि परिसर न ओळखणाऱ्या माणसाला स्वस्तात काम देतात. थोडक्यात, दबाव कमी करताना जाणकारीही कमी झाली. बँकेतून मूल्यांकनकार वाटून देणारी केंद्रीय व्यवस्था आपल्याकडेही काही ठिकाणी आहे. तिचा लाभ खरा असला तरी तिच्यापुढेही हाच पेच आहे. जबाबदारीच्या दुसऱ्या टोकाला इंडियन बँक्स असोसिएशनची सावधगिरीची यादी आहे. फसवणुकीत सापडलेल्या वकील-मूल्यांकनकारांची नावे तीत जातात. बँका तिला आवश्यक म्हणतात. व्यावसायिकांना भीती वाटते की अंदाजातली चूक आणि संगनमत यांत फरक केला जाणार नाही. पॅनेलवरच्या वकिलाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हा फरक केला होता : केवळ निष्काळजीपणाने दिलेले मत म्हणजे कटातला सहभाग नव्हे. त्याच तत्त्वाचा आधार मूल्यांकनकारही घेऊ पाहतात.

जुनी इमारत

तीन प्रश्नांमधले अंतर सर्वांत जास्त दिसते ते जुन्या इमारतीत. दादर, विलेपार्ले किंवा पुण्यात डेक्कनच्या आसपास पंचेचाळीस वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट नव्याच्या जवळपास जाणाऱ्या दराने विकला जातो, कारण घेणारा भिंतींसाठी पैसे मोजत नाही. पुनर्विकासात मिळणाऱ्या वाढीव क्षेत्रासाठी मोजतो. आज कितीला जाईल, या प्रश्नाचे उत्तर ती मोठी किंमत हेच आहे. पण संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झालेले नसेल, सभासदांत एकमत नसेल किंवा विकासक मध्येच थांबला तर ती किंमत केवळ आशेची असते आणि वीस वर्षांच्या कर्जाला आशा तारण म्हणून पुरत नाही. काही बँका अशा घरांना इमारतीच्या उरलेल्या आयुष्याएवढ्याच मुदतीचे कर्ज देतात किंवा नाकारतात. खरेदीदाराला हे अन्यायाचे वाटते आणि त्याच्या बाजूनेही युक्तिवाद आहे : पुनर्विकासाची शक्यता कायद्याने मिळालेल्या चटई निर्देशांकावर उभी आहे, ती हवेतली नाही. जर्मनीने हा गुंता वेगळ्या मार्गाने सोडवला. तिथे तारणपत्रांच्या आधारासाठी बाजारमूल्याहून निराळे, दीर्घकाळ टिकेल असे तारणमूल्य काढतात आणि त्यात सट्ट्याचा भाग धरायला कायद्यानेच मनाई आहे. बँकांच्या भांडवलाविषयीच्या बाझलच्या सुधारित नियमांचाही कल अशाच सावध मूल्याकडे आहे. अशी दुहेरी मोजणी इथे आली तर जुन्या इमारतीतल्या खरेदीदाराचे कर्ज आणखी घटेल, हा आक्षेप खरा आहे. त्याला आणखी रोख घालावी लागेल आणि ज्यांच्याकडे ती नाही ते शहराबाहेर जातील. जोखीम कमी करण्याची किंमत कोणी मोजायची हा धोरणाचा प्रश्न आहे. मूल्यांकनकाराने तो गुपचूप टक्केवारी कापून सोडवू नये, एवढे मात्र म्हणता येईल.

कायदेशीरपणाच्या सीमेवरची घरे ही याच प्रश्नाची टोकाची बाजू. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उघडकीस आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. खोटेपणा कळेपर्यंत त्या घरांना बाजारमूल्य होते आणि ते काढणारा कदाचित प्रामाणिकही असेल. तारण म्हणून त्यांचे मूल्य मात्र पहिल्या दिवसापासून जवळजवळ शून्य होते. परवानगी महापालिकेच्या दप्तरातून पडताळण्याचे काम लीगलचे की टेक्निकलचे, हे अनेक कर्जप्रकरणांत स्पष्ट नसते. दोघेही समोर आलेली प्रत पाहून पुढे जातात.

जे अजून ठरायचे आहे

संगणकीय मूल्यांकनाचा बोलबाला वाढतो आहे. अमेरिकेत त्याच्या गुणवत्तेसाठी नियमही झाले. माणसाचा पूर्वग्रह यंत्रात नसेल, ही त्यामागची आशा. फ्रेडी मॅकच्या २०२१च्या पाहणीत कृष्णवर्णीय वस्त्यांत १२.५ टक्के आणि गोऱ्या वस्त्यांत ७.४ टक्के मूल्यांकने कराराच्या खाली आढळली होती. पण यंत्र जुन्या व्यवहारांवरच शिकते. आपल्याकडे दस्तांची रचनाच अपुरी असताना त्याचा आकडा नेमका दिसेल, बरोबर असेलच असे नाही. अहवालाची प्रत कर्जदाराला द्यावी का, हाही प्रश्न लोंबकळतो आहे. अमेरिकेत ती देणे बंधनकारक आहे. इथे १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांच्या मुख्य तथ्यपत्रकात असे तृतीय पक्षांचे शुल्क वार्षिक खर्चात दाखवावे लागते, म्हणजे फी दिसू लागली. फीच्या बदल्यात आलेला अहवाल दिसायला हरकत काय, याला बँकांचे उत्तर असे की तो त्यांच्या अंतर्गत निर्णयासाठी असतो आणि उघड केला तर प्रत्येक कमी आकड्यावर वाद होईल. वाद होईल हे मान्य. पण चुकीचे क्षेत्रफळ किंवा चुकीचा मजला कर्जदाराइतका पटकन दुसरा कोणी पकडणार नाही.

आणि सर्वांत मोठी उणीव पुराव्याची आहे. कर्ज थकून घर लिलावात गेले की सरफेसीच्या नियमांनुसार पुन्हा मूल्यांकन होते आणि त्यावरून राखीव किंमत ठरते. एकाच घराचे दोन अहवाल आणि प्रत्यक्ष विक्रीची रक्कम बँकेच्या एकाच फाईलमध्ये असतात. लिलावातली किंमत मुळात पडेल असते, तिची तुलना बाजारमूल्याशी करणे अन्यायाचे होईल, असे मूल्यांकनकार म्हणतात आणि ते बरोबर आहे. पण पहिल्याच अहवालात डिस्ट्रेस मूल्याचा रकाना होता. तो अशाच दिवसासाठी भरला होता. त्या रकान्यातली रक्कम आणि लिलावाची रक्कम, मधल्या काळातला बाजाराचा चढउतार वजा करून, शहरवार आणि बँकवार शेजारी मांडली तर मूल्यांकने किती चुकतात, कोणत्या बाजूला चुकतात आणि पॅनेलची कोणती पद्धत कमी चुकते, हे वाद न घालता कळेल. असा मेळ जाहीरपणे घातलेला दिसत नाही, आणि तो घालण्याचे काम रिझर्व्ह बँक किंवा नॅशनल हाऊसिंग बँक यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या आवाक्यातले नाही.